सनई, नगारखाना आणि क्रीडागृह

मी ज्या खोलीत बसून हे बोलत आहे ती खोली लहानशी आहे. तिच्या भिंतींना सच्छिद्र तक्तपोशी केलेली आहे, जमिनीवर जाड जाजम अंथरले आहे, आणि दार लागले की बाहेरचे जग एकाएकी मुके होते. येथे टाळी वाजविली तर ती वाजते आणि तत्क्षणी संपते. तिच्या मागे काही रेंगाळत नाही. माझा एक शब्द दुसऱ्या शब्दावर पाय न देता आपणांपर्यंत पोहोचत असेल, तर त्याचे श्रेय माझ्या वाणीपेक्षा या भिंतींना अधिक आहे. वक्त्याचे भाषण ऐकताना भिंतीची आठवण कोणी ठेवीत नाही. ती येते भिंत वाईट निघाल्यावर.

या बंद खोलीत बसलो असता मला आठवण होते ती मात्र एका अगदी उघड्या जागेची. काशीचा बालाजी घाट. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात एका पहाटे मी त्या घाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. पाण्यावर धुके होते. खाली बऱ्याच अंतरावर एक नावाडी आपल्या सोबत्याशी हलक्या आवाजात काही बोलत होता, आणि त्याचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. तेथे छप्पर नव्हते, ध्वनिक्षेपक नव्हता. पहाटे पाण्यालगतची हवा गार असते आणि वरची हवा त्या मानाने उबदार. त्यामुळे वर उधळून जाऊ पाहणारा ध्वनी वाकून पुन्हा खाली येतो व पाण्याच्या पृष्ठावरून दूरवर जातो. पाठीमागे उंच दगडी भिंती, पुढे सपाट पाणी, आणि मध्ये उतरत्या पायऱ्या! ध्वनिशास्त्र न शिकलेल्या कोणा गवंड्यांनी हे रंगमंदिर बांधून ठेवले आहे, असे त्या क्षणी मला वाटले.

बालाजी घाट हा पंचगंगा घाटाच्या शेजारचा. काशीच्या नदीकाठावर मराठी माणसांनी जी बांधकामे केली, त्यांत याची गणना होते. घाट आणि त्यावरील वाडा ही पेशवाईच्या काळातील अठराव्या शतकाची निर्मिती; पुढे ही वास्तू ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेली. काळाच्या ओघात ती इतकी खचली की २०१२ साली जागतिक स्मारक निधीने जतनाची निकड असलेल्या स्थळांच्या यादीत तिचा समावेश केला, आणि त्यानंतर तिच्या दुरुस्तीचे काम झाले. परंतु या घाटाची कीर्ती दगडांवर जितकी उभी आहे तितकीच एका वाद्यावरही उभी आहे. येथील बालाजीच्या मंदिरात बालवयातील बिस्मिल्ला खाँ सनईचा रियाज करीत असत. १९१६ साली डुमराव येथे जन्मलेला हा मुलगा काशीला मामाकडे आला. मामा अलीबक्ष हे स्वतः देवळात सनई वाजविणारे. त्यांच्या तालमीत हा भाचा तयार झाला, आणि पुढे २००१ साली भारतरत्न झाला. आपल्या साऱ्या विद्येचे मूळ गंगेच्या काठावरील या रियाजात आहे, असे ते अखेरपर्यंत सांगत.

सनई हे वाद्य कोठे वाजविण्यासाठी जन्मास आले, याचा आपण क्वचितच विचार करतो. ते नगारखान्याचे वाद्य आहे. देवळाच्या किंवा वाड्याच्या महाद्वारावर, माणसांच्या डोक्यांवरून ध्वनी निघावा अशा उंच जागी, चौघड्याच्या जोडीने ते वाजावयाचे. श्रोता खाली, रस्त्यावर, अंगणात, शेतात. उघड्यावर ध्वनी फार लवकर क्षीण होतो. अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. म्हणून नगारखान्याच्या वाद्याला धार हवी आणि जोर हवा. सनईच्या पत्तीत आणि तिच्या रुंद मुखात तो जोर आहे. उघड्या जागेचा जितका तोटा तितकाच एक फायदाही असतो. गेलेला सूर परत येत नाही. त्यामुळे पुढचा सूर स्वच्छ पाटीवर उमटतो. मींडेचा बारीक वळसा, मुरकीचा कण, सारे निर्मळ ऐकू येते.

काशीचा आणि आमच्या नगारखान्याचा आणखी एक संबंध आहे. १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला, त्याचे पौरोहित्य करण्यास गागाभट्ट आले ते काशीहूनच. ज्या राजसभेत तो सोहळा झाला ती सुमारे २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद आहे. एका टोकाला सिंहासनाची जागा, दुसऱ्या टोकाला नगारखान्याचे भव्य प्रवेशद्वार. रायगडावर गेलेल्या बहुतेकांनी तेथील तो प्रयोग केलेला असेल. एकाने सिंहासनापाशी उभे राहावे, दुसऱ्याने नगारखान्यापाशी, आणि साध्या आवाजात बोलावे. बोलणे ऐकू येते. हिरोजी इंदलकरांनी हे गणित करून साधले की दगडी भिंतींच्या मापात ते आपोआप उतरले, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दरबार म्हणजे ऐकण्याची जागा, आणि ऐकण्याच्या जागेत दूरच्या माणसाचाही हक्क असतो, एवढा बोध ती वास्तू आजही देते.

मग छपराखालच्या जागेचे काय? तिचाही विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यगृहाच्या रचनेला एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. भरताने नाट्यगृहाची लहान, मध्यम आणि मोठी अशी मापे सांगितली, आणि मर्त्यांसाठी मध्यम माप पसंत केले. लांबी चौसष्ट हात, रुंदी बत्तीस हात. म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ९६ फूट आणि ४८ फूट. याहून मोठे का नको, याचे कारणही त्याने दिले आहे. नाट्यगृह फार विस्तीर्ण झाले तर पाठ्य अस्पष्ट होते, स्वर विस्कटतो आणि नटाच्या मुद्रेवरील भाव दिसत नाहीत. शिवाय नाट्यगृह पर्वतातील गुहेच्या आकाराचे असावे, त्याचे झरोके लहान असावेत, आत वारा खेळता नसावा, म्हणजे वाद्यांचा नाद गंभीर होतो, असेही त्याने सांगितले. भरताजवळ मोजण्याचे यंत्र नव्हते; त्याच्याजवळ कान होता. त्या कानाने त्याला एक मर्यादा सांगितली आणि त्याने ती शास्त्रात नोंदवून ठेवली.

ही मर्यादा ओलांडली की काय घडते, हे पाहावयाचे असल्यास सोलापूरच्या पलीकडे विजापूरला जावे. मुहम्मद आदिलशहा १६५६ मध्ये मरण पावला. त्याची कबर म्हणजे गोलघुमट. आतील चौरस दालनाची एकेक बाजू सुमारे ४१ मीटर, वरील घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर, आणि मध्ये एकही खांब नाही. आपल्या देशातील खांबाविरहित अशा प्रचंड दालनांचा तो पूर्वज म्हणावयास हरकत नाही. घुमटाच्या सज्जात उभे राहून भिंतीशी कुजबुजले तर पलीकडच्या टोकाच्या माणसाला ते ऐकू येते. परंतु त्याच दालनात कोणी मोठ्याने बोलले तर ध्वनी पुनःपुन्हा फिरून येतो आणि वाक्याचा अर्थ हरवतो. कुजबूज स्पष्ट आणि भाषण अस्पष्ट, असा हा विलक्षण न्याय आहे!

या कुजबुजीचे कोडे इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले यांनी लंडनच्या सेंट पॉल मंदिराच्या संदर्भात उलगडले. वक्र भिंतीला लागून ध्वनी जणू सरपटत जातो, असे त्यांनी दाखविले. आपल्याकडे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली सेंट पॉलमध्ये स्वतः प्रयोग केले, आणि परत आल्यावर गोलघुमट, पाटण्याचे धान्याचे गोलघर, कलकत्त्याचे व्हिक्टोरिया स्मारक अशा आपल्या वास्तूंची परीक्षा केली. तबला आणि मृदंग यांच्या स्वरांवरही त्यांनी संशोधन केले होते. माझ्यासारख्या सरकारी नोकराला यांत एक गोष्ट विशेष वाटते. रामन हे १९०७ पासून दहा वर्षे वित्त खात्यात अधिकारी होते. दिवसा हिशेब आणि संध्याकाळी प्रयोगशाळा असा त्यांचा क्रम असे. हिशेब तपासणाऱ्या माणसाला नादाचे कुतूहल असू नये असा काही नियम नाही, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

नादाला मोजमापाची शिस्त लागली ती मात्र अमेरिकेत. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. तिच्यातील व्याख्यानगृह दिसावयास सुंदर, पण तेथे कोणाचेही व्याख्यान समजेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. तोवर वक्त्याचे एखादे वाक्य होऊन जाई. विद्यापीठाने हे काम वॉलेस सेबाइन या सत्तावीस वर्षांच्या अध्यापकाकडे सोपविले. त्याने ऑर्गनची एक नळी, एक वेळमापक आणि स्वतःचे कान एवढ्या सामग्रीवर प्रयोग आरंभिले. शहर शांत व्हावे म्हणून तो मध्यरात्रीनंतर काम करी. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या मजुरांकडून वाहून आणावयाच्या, एकेक गादी वाढवीत निनाद किती घटतो ते मोजावयाचे, आणि सकाळ होण्यापूर्वी सर्व गाद्या परत नेऊन ठेवावयाच्या, असा तो उद्योग होता. प्रयोगकर्त्याच्या अंगावरील कपडेदेखील ध्वनी शोषतात, हे ध्यानात आल्यावर त्याने आधीची असंख्य निरीक्षणे टाकून दिली, आणि पुढे प्रत्येक वेळी तेच कपडे घालून मोजमाप केले.

या परिश्रमातून १८९८ मध्ये जे सूत्र हाती आले ते शाळेतल्या मुलाला समजेल इतके सोपे आहे. ध्वनी मूळच्या तीव्रतेच्या दशलक्षांश होईपर्यंत जो वेळ लागतो त्याला निनादकाल म्हणावे. दालनाचे घनफळ घनमीटरांत घ्यावे, ०.१६१ ने गुणावे आणि दालनातील एकूण शोषणाने भागावे. निनादकाल सेकंदांत मिळतो. शोषणाचे माप म्हणजे उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही, म्हणून एक चौरसमीटर खिडकी म्हणजे एक एकक. संगमरवर, काँक्रीट आणि पत्रा फार थोडे शोषतात, गादी पुष्कळ शोषते, आणि बसलेला माणूस साधारण अर्ध्या चौरसमीटर खिडकीच्या बरोबरीचा असतो. बोलण्यासाठी निनादकाल सुमारे एक सेकंद बरा. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या आसपास हवा. सेबाइनच्या सल्ल्याने बांधलेले बोस्टनचे सिंफनी हॉल १५ ऑक्टोबर १९०० रोजी उघडले, आणि जगातील उत्तम संगीतगृहांत आजही त्याचे नाव घेतात. बांधण्यापूर्वीच इमारतीचा नाद कागदावर मांडता येतो, ही गोष्ट तेव्हापासून सिद्ध झाली.

तरीही जगाने ती लगेच ऐकली असे नाही. लंडनचे रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ साली उघडले, त्याच दिवसापासून त्याच्या घुमटातील प्रतिध्वनीची थट्टा सुरू झाली. नव्या संगीतकाराला आपली रचना दोनदा ऐकावयाची असेल तर त्याने ती येथे वाजवावी, असे लोक म्हणत. प्रतिध्वनी केव्हा जाणवतो? सरळ आलेला आणि भिंतीवरून परतलेला ध्वनी यांच्या वाटांत सुमारे १७ मीटरांहून अधिक फरक पडला, म्हणजे एक-वीसांश सेकंदाचे अंतर झाले, की कान त्या दोहोंना वेगळे ओळखू लागतो. अल्बर्ट हॉलच्या घुमटाखाली हा फरक कितीतरी अधिक होता. अखेर १९६९ साली छताखाली काचतंतूंच्या मोठमोठ्या तबकड्या टांगण्यात आल्या, तेव्हा कोठे त्या प्रतिध्वनीला लगाम बसला. दोष निर्माण करावयास एक दिवस पुरला. तो दूर करावयास ९८ वर्षे लागली.

आता आपल्याकडे वळू. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात संगीत शाकुंतल रंगभूमीवर आले, आणि त्यानंतरची कित्येक वर्षे मराठी गायकनटांनी ध्वनिक्षेपकाशिवाय नाट्यगृहे भारली. पत्र्याची छपरे, कापडी पडदे, दाटीने बसलेले प्रेक्षक अशी ती नाट्यगृहे असत. पडदा आणि प्रेक्षक दोन्ही ध्वनी शोषीत, आणि नटाचा गळा त्या जागेच्या मापाने घडे. पुढे ध्वनिक्षेपक आला, आणि त्याच्याबरोबर एक घातक समजूतही आली. आता जागा कशीही असली तरी चालेल, आवाज वाढविता येतो, अशी ती समजूत. वस्तुतः घुमणाऱ्या दालनात आवाज वाढविला की शब्दाबरोबर घुमाराही तितकाच वाढतो. गढूळ पाणी मोठ्या हंड्यात ओतल्याने ते निवळत नाही.

या समजुतीविरुद्ध आपल्या महाराष्ट्रात उभे राहिलेले ठळक उदाहरण म्हणजे मुंबईच्या राष्ट्रीय प्रयोगकला केंद्राचे टाटा नाट्यगृह. १९८० साली ते उघडले. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची आणि ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. सुमारे एक हजार आसनांचे हे गृह भारतीय संगीत ध्वनिवर्धकाशिवाय ऐकता यावे या हेतूने योजिले गेले. तंबोऱ्याचा झंकार ज्याला जसाच्या तसा ऐकावयाचा आहे, त्याला छपरापासून आसनापर्यंत प्रत्येक पृष्ठभागाचा विचार करावा लागतो, हे तेथे मान्य झाले. काशीतही आता सिगरा भागात जपानच्या साहाय्याने बांधलेले सुमारे बाराशे आसनांचे रुद्राक्ष सभागृह २०२१ साली उघडले आहे. ज्या नगरीत सनई नगारखान्यावरून खाली उतरली, तेथेही गाणे आता छपराखाली आले आहे.

परंतु माझ्या विषयाचा खरा कठीण भाग संगीतगृहांचा नाही, तो क्रीडागृहांचा आहे. कलकत्त्याचे नेताजी क्रीडागृह १९७५ साली टेबलटेनिसच्या जागतिक स्पर्धेसाठी उभे राहिले. दिल्लीचे इंदिरा गांधी क्रीडागृह १९८२ च्या आशियाई खेळांसाठी. पुण्याजवळ बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी. त्यांच्या पाठोपाठ जिल्ह्याजिल्ह्यांत लहानमोठी बंदिस्त क्रीडागृहे झाली. सकाळी खेळ, दुपारी सभा, रात्री गायन, असा या दालनांकडून आपण तिहेरी संसार करून घेतो. आणि याच काळात आमची कबड्डीही मैदानातील मातीवरून छपराखालच्या गादीवर आली. २०१४ साली व्यावसायिक कबड्डीची पहिली स्पर्धा मुंबईला वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल क्रीडागृहात सुरू झाली, ती घरोघर पाहिली गेली. सनईने जो प्रवास केला तोच कबड्डीने केला. दोघींचाही प्राण श्वास आहे, आणि दोघींनाही उघड्या हवेची सवय.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी माझ्या मेजावर अशाच एका क्रीडागृहाच्या अंदाजपत्रकाची फाइल आली. रक्कम मंजुरीपेक्षा थोडी अधिक होत होती. कलमे पाहता पाहता छताच्या आतील बाजूस ध्वनिशोषक फळ्या लावण्याचे एक कलम दिसले. मी त्याच्यासमोर लिहिले, ‘शोभेची बाब. तूर्त वगळावी.’ रक्कम मर्यादेत बसली. फाइल पुढे गेली. त्या दिवशी मी सरकारचे पैसे वाचविल्याच्या समाधानात घरी गेलो.

उद्घाटनाच्या दिवशी दारापाशी सनई-चौघडा होता. बाहेर मांडवात तो फार गोड वाजत होता. आत सारे दालन माणसांनी खच्चून भरलेले होते. भाषणे थोडी घुमली, पण कोणी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी शालेय मुलींचे कबड्डीचे सामने होते. प्रेक्षक मोजकेच. मी सहज डोकावलो. एक लहान चणीची मुलगी चढाईला गेली होती. ओठ हलत होते, छाती भरलेली होती; पण तिचा ‘कबड्डी, कबड्डी’ हा घोष, खेळाडूंची ओरड, शिट्टी आणि गादीवरची धावपळ या सर्वांचा छपराखाली एक राखाडी कल्लोळ झाला होता. पंचांनी शिट्टी फुंकली. दम तुटला, असा निर्णय दिला, आणि प्रतिपक्षाला गुण दिला. मुलगी म्हणाली, “सर, दम नाही तुटला.” पंच म्हणाले, “मला ऐकू आला नाही.” दोघेही खरे बोलत होते. कबड्डीच्या नियमाप्रमाणे दम नुसता असून चालत नाही, तो स्पष्ट ऐकू यावा लागतो. त्या मुलीचा दम मी वगळला होता, हे मला एकट्याला ठाऊक होते.

त्या रात्री मी सेबाइनचे सूत्र काढून बसलो. आपणही हा हिशेब करून पाहावा. समजा दालन ६० मीटर लांब, ४० मीटर रुंद आणि १२ मीटर उंच आहे. घनफळ झाले २८,८०० घनमीटर. जमीन, छत आणि चारी भिंती मिळून पृष्ठभाग ७,२०० चौरसमीटर. काँक्रीट, पत्रा आणि लाकूड यांचे शोषण सरासरीने एक-दशांश धरले, तर शोषण ७२० एकके. निनादकाल येतो सुमारे ६.४ सेकंद! फॉगच्या त्या कुप्रसिद्ध व्याख्यानगृहाहूनही अधिक. दोन हजार प्रेक्षक येऊन बसले तर तो तीन सेकंदांच्या आतबाहेर येतो. म्हणूनच उद्घाटनाच्या दिवशी दोष झाकला गेला. माणसांनी तो आपल्या अंगावर घेतला होता. आता केवळ छताच्या २,४०० चौरसमीटरांना सात-दशांश शोषणाच्या फळ्या लावल्या, तर रिकाम्या दालनातही निनादकाल सुमारे २.१ सेकंदांवर उतरतो. ज्या कलमाला मी शोभेची बाब म्हटले, त्याचा अर्थ हा एवढा होता.

पुढे त्या क्रीडागृहात दुरुस्ती झाली. छताखाली भोकांच्या पत्र्याआड खनिज लोकर भरून पट्टे टांगले, मागील भिंतीला तसेच अस्तर दिले, आणि दोन कोपऱ्यांतील दोन मोठ्या कर्ण्यांऐवजी प्रेक्षकांच्या जवळ, त्यांच्याच दिशेने तोंड केलेले अनेक लहान ध्वनिक्षेपक बसविले. दूरच्या क्षेपकांना अंशात्मक विलंब दिला, म्हणजे सगळीकडचा शब्द एकाच वेळी कानी पडावा. उपाय इतकेच आहेत; त्यांत गूढ काही नाही. परंतु उभ्या इमारतीत पराती बांधून हे करावयास मूळच्या कलमाहून अधिक खर्च आला. वाचविलेले पैसे कसे व्याजासह परत जातात, हे मी लेखाशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा तेथे अधिक शिकलो.

या साऱ्या इतिहासातून मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. वास्तू हेसुद्धा एक वाद्य आहे. सनईची पत्ती सुमार असेल तर उस्तादाचा श्वास व्यर्थ जातो. दालनाचे छत बहिरे नसेल तर गायकाचा, वक्त्याचा, खेळाडूचा श्वास व्यर्थ जातो. हे वाद्य कारागिराच्या हातात येण्यापूर्वी आराखड्यात आणि अंदाजपत्रकात घडत असते. भरताने माप घातले, रायगडाच्या स्थपतीने अंतर साधले, सेबाइनने सूत्र दिले. आता आपल्याला कान द्यावयाचा आहे, एवढेच. जिल्हा मंडळात, नगरपालिकेत, शाळेच्या समितीत जे कोणी अशा इमारतींच्या कागदांवर सही करतात, त्यांनी सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. शेवटच्या रांगेतल्या माणसाला, आणि दालन रिकामे असताना मैदानातल्या मुलीला, ऐकू येईल काय? उत्तर मिळण्यास एक भागाकार पुरतो.

बालाजी घाटावरची ती पहाट मी या प्रसंगानंतर पाहिली. उजाडता उजाडता कोठूनतरी सनईचे सूर आले. कोणी शिकाऊ मुलगा असावा. तोच पलटा तो पुनःपुन्हा घेत होता, चुकत होता आणि पुन्हा घेत होता. त्याचा प्रत्येक सूर नदीवरून निघून जात होता, परत येऊन पुढच्या सुराच्या वाटेत उभा राहत नव्हता. चूकसुद्धा स्वच्छ ऐकू येत होती, आणि म्हणूनच ती त्याला सुधारता येत होती. नदीकाठी जे त्या मुलाला फुकट मिळाले, ते छपराखाली आपल्या मुलांना हिशेब करून द्यावे लागेल. ते द्यावयाचे राहू नये, एवढीच माझी इच्छा आहे.